आडवं मशीन

2025 च्या जानेवारीत मी आणि धाकटा भाऊ सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेस धरून बंगळुरूला गेलो. लग्न नव्हतं, दवाखाना नव्हता. ‘इमटेक्स’ नावाचं यंत्रांचं प्रदर्शन बघायचं होतं. धातू कापणाऱ्या मशीनचा हा बाजार दर दोन वर्षांनी भरतो. तुमकूर रोडवरच्या प्रदर्शनाच्या दारापर्यंत आता मेट्रो जाते. आत शिरल्यावर पहिला अर्धा तास आम्ही नुसते फिरत राहिलो. जत्रेत हरवलेल्या पोरांसारखे.

एका स्टॉलवर विशीतला सेल्समन भेटला. काचेआड एक चौकोनी लोखंडी खांब उभा होता, त्याच्या चारी अंगांना जॉब बांधलेले. तो म्हणाला, “सर, हा टूम्बस्टोन.” मी भावाकडे बघितलं. तो कानात पुटपुटला, “कबर का पत्थर.” कबरस्तानात शिरताना म्हणायचा सलाम माझ्या ओठांवर येता येता राहिला. जगभरच्या मशीन शॉपमध्ये या खांबाला हेच नाव आहे. पुढचे सात-आठ महिने आमच्या घरात त्या दगडाशिवाय दुसरा विषय नव्हता.

आमच्या शॉपचा हिशेब माझ्याकडे असतो, मशीन भावाकडे. म्हणून हे सगळं मी शिकलो ते त्याच्याकडून, आणि थोडं पैशाच्या धाकानं.

सुरुवात अब्बांच्या लेथपासून करावी लागेल. लोहाऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं एक लेथ होतं, हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचं. भंगारात निघालेलं, घासूनपुसून चालतं केलेलं. मोटारीचे शाफ्ट, उसाच्या गाड्यांचे अ‍ॅक्सल, पिठाच्या गिरणीचे बुश अशी कामं असायची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूर, किल्लारी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आमचं घर तडकलं, माणसं वाचली. पंधरा-वीस दिवसांनी अब्बांनी लेथ चालू केलं तर शाफ्ट एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघू लागला. पाया एका कोपऱ्यात बसला होता, त्यामुळे लेथचा बेड पिळला गेला होता. लेव्हलची बाटली ठेवून, पत्र्याचे तुकडे खाली सारत त्यांनी तीन दिवस काढले. मी दिवा धरून उभा असायचो. ते म्हणायचे, “मशीन झूठ नै बोलती बेटा, नीचे की जमीन बोलती.”

आता आमचं शॉप धाराशिवच्या एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आहे. दोन उभी मशीन, म्हणजे व्हीएमसी. पाच पोरं. मुख्य काम शेती अवजाराच्या गिअरबॉक्सचं घर, म्हणजे हाउसिंग. ओतीव बीड सोलापूरच्या फाउंड्रीतून येतं. (बीड म्हणजे कास्ट आयर्न, शेजारचा जिल्हा नव्हे. आमच्याकडं हा विनोद दर पाहुण्यागणिक होतो.) माल पुण्याकडच्या एका कंपनीला जातो.

या हाउसिंगच्या समोरासमोरच्या दोन भिंतींत बेअरिंग बसतात. दोन्ही भोकं 62 मिलिमीटरची, आणि त्यांत चूक चालते शून्य ते 30 मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन असतो, त्याच्या निम्म्याहून कमी. भोकाचं माप राखणं तसं अवघड नाही. अवघड हे की दोन्ही भोकं एकाच रेषेत हवीत. नाहीतर शाफ्ट तापतो, गिअर ओरडतो, आणि सहा महिन्यांनी शेतकऱ्याच्या शिव्या कंपनीला, कंपनीच्या आम्हाला.

उभ्या मशीनमध्ये कटर वरून खाली येतो, बोअरवेलची गाडी जमिनीत भोक पाडते तसा. एक भिंत झाली की जॉब सोडायचा, उलटा करायचा, पुसायचा, पुन्हा बांधायचा, मग दुसरी भिंत. आमच्या जॉबला अशा तीन सेटिंग लागायच्या. प्रत्येक वेळी खाली बिडाची भुकटी अडकली, पोरानं नट जरा जास्त आवळला, की रेषा चुकली. भाऊ म्हणायचा, “आपण मशीनवर पैसे कमावतो आणि जॉब उघडण्या-बांधण्यात घालवतो.” कंपनीनं नग वाढवायला सांगितले त्याच महिन्यात रिजेक्शनही वाढलं. त्यांच्या माणसानं फोनवर सरळ विचारलं, “एचएमसी घेताय का, का दुसरीकडं देऊ?”

एचएमसी म्हणजे आडवं मशीन. त्यात कटर समोरून येतो, आपण भिंतीला ड्रिल मारतो तसा. जॉब उभ्या खांबाला बांधलेला असतो, आणि खांबासकट टेबल स्वतःभोवती फिरतं. म्हणजे एकदा बांधलं की ही भिंत, मग टेबल फिरवून ती भिंत. बिडाची भुकटी जॉबच्या खळग्यात न साठता खाली पडते. शिवाय दोन पॅलेट असतात. एकावरचे जॉब आत कापले जातात तेव्हा पोरगा बाहेरच्या पॅलेटवर पुढचे बांधतो, स्पिंडल रिकामा राहत नाही.

ही कल्पना नवी नाही. 1775 मध्ये इंग्लंडात जॉन विल्किन्सननं बोअरिंगचा आडवा दांडा दोन्ही टोकांना आधार देऊन फिरवला आणि जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला नीट गोल सिलिंडर मिळालं. त्याआधी वॉटची वाफ फटीतून निसटायची. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत किर्नी अँड ट्रेकर कंपनीनं स्वतःच हत्यार बदलणारं मशीनिंग सेंटर आणलं, तेही आडवंच होतं. आमच्याकडं ते पोचायला जरा उशीर झाला इतकंच.

तर बंगळुरूचा तो सेल्समन. त्याच्या चित्रात खांबाच्या चारी बाजूंना दोन-दोन, असे आठ हाउसिंग बसत होते. नगाला 17 मिनिटं. उभ्या मशीनवर आम्हाला तीन सेटिंगची 27 मिनिटं कापायला आणि 9 मिनिटं उघडबांध करायला लागायची. 36 विरुद्ध 17! मी तिथंच मोबाइलवर गुणाकार करून मोकळा झालो. भाऊ मात्र चित्राकडं बघतच राहिला. म्हणाला, “याची पाठ तर खांबाला टेकली.”

त्याचं म्हणणं असं: आमच्या जॉबला समोरासमोरची दोन्ही तोंडं उघडी हवीत. खांबाला टेकवलं की एक झाकलं जातं. आडवा धरला तर शेजारचा जॉब आडवा येतो. आमच्यासाठी खांब नकोच, मधे खिडक्या असलेली जाड प्लेट हवी, जिच्या दोन्ही बाजूंनी कटर शिरेल. तिच्यावर बसतात चार. हत्यार बदलायचा वेळ आठांऐवजी चारांत वाटला जाणार, म्हणून नगाला 19 मिनिटं. एक पॅलेट म्हणजे 76 मिनिटं. सेल्समनचा चेहरा उतरला, पण पोरगा प्रामाणिक होता, मान्य केलं. मशीन घ्यायला जाताना कॅटलॉग घरी ठेवावा आणि आपला जॉब पिशवीत घालून न्यावा, असं भाऊ आता सगळ्यांना सांगतो. आम्हीही पुढं तेच केलं.

76 मिनिटांचा एक फायदा माझ्या ध्यानात लगेच आला. जुम्म्याची नमाज, जाणं-येणं आणि वाटेतला चहा धरून एका पॅलेटमध्ये बसते.

बाकीची निवड तशी लवकर झाली. पॅलेट 400 चं की 500 चं? सगळे 500 सुचवत होते, ‘उद्याचा विचार करा सर’. पण चार हाउसिंग 400 वर आरामात बसत होते, आणि उद्याच्या जॉबसाठी आज पैसे भरायची आमची ऐपत नव्हती. स्पिंडलचा टेपर बीटी 40 की 50? मोठा टेपर ताकदवान, पण आमच्या उभ्या मशीनचे सगळे होल्डर बीटी 40 चे. ते या मशीनलाही चालणार होते, फक्त मागचे पुल स्टड जुळतात का ते बघायचं. तेवढ्यानं काही लाख वाचले.

अडलं ते पैशावर.

नव्या देशी मशीनचं कोटेशन आलं 1 कोटी 35 लाख, वर 18 टक्के जीएसटी. बँक एक कोटी द्यायला तयार होती. साडेअकरा सांगून घासाघीस केल्यावर 11 टक्क्यांवर आली, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता 2 लाख 17 हजार. मी कागदावर एकूण व्याज काढलं, साडेतीस लाख. आणि तो कागद अब्बांना दाखवायची चूक केली.

अब्बांनी आयुष्यात व्याज घेतलं नाही, दिलं नाही. लेथ घेताना अम्मीच्या बांगड्या गेल्या, उरलेले पैसे विकणाऱ्याला दोन वर्षं थोडे थोडे दिले, तोही भला माणूस होता. “ब्याज नक्को बाबा. मशीन ना आई तो ना आई.” भाऊ चिडला. त्याचं म्हणणं, शेडचं भाडं देतो, विजेच्या बिलाचा दंड भरतो, ज्या कंपनीला माल देतो ती व्याजावर चालते, जिच्याकडून बीड घेतो ती व्याजावर. आपण एकटेच कुठं वेगळे राहणार? त्याला उत्तर माझ्याकडं नव्हतं. पण अब्बांच्या तोंडावर कागद फेकून सही करायला जायची हिंमतही नव्हती.

मशिदीत, लग्नात, चहाच्या टपरीवर आपल्या लोकांत हा विषय निघतो आणि अर्धवट राहतो. कुणी म्हणतं मजबुरीत चालतं, कुणी म्हणतं धंदा वाढवणं ही मजबुरी नव्हे. सरकारी पातळीवरही तो अर्धवटच राहिला. 2008 मध्ये रघुराम राजन यांच्या समितीनं बिनव्याजी बँकिंगची सोय असावी असं सुचवलं होतं. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेनं हा प्रस्ताव पुढं न्यायचा नाही असं ठरवलं. त्यामुळे आमच्यासारख्यांपुढं दोनच वाटा उरतात: मन मारून हप्ता भरा, किंवा लहान राहा. मराठवाड्यातली किती शेड याच कारणानं एका लेथवर थांबली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मला मात्र लोहाऱ्याची एक तरी माहीत आहे.

तिसरी वाट फाउंड्रीवाल्यानं काढली. लिंगायत माणूस, आमच्या अब्बांच्या वयाचा. रिजेक्शन वाढल्यानं त्याचंही बीड परत येत होतं. तो म्हणाला, “नवं कशाला बघताय? जपानी जुनं बघा. मी पंधरा लाख घालतो, पण हिस्सा पाहिजे.” मग सौदीहून परत आलेला मेव्हणा वीस लाखांना तयार झाला. आमची बचत आणि लोहाऱ्याचा एक प्लॉट मिळून चाळीस. पंच्याहत्तर लाख झाले. नफा-तोटा हिश्श्याप्रमाणे. मौलानांनी सांगितलं, याला मुशारका म्हणतात. वकिलानं सांगितलं, याला 1932 च्या कायद्याप्रमाणे भागीदारी म्हणतात. अब्बांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हौ, ठीक है. लेकिन हिस्सेदार ब्याज से बी महंगा पड़ता, याद रखो.”

जुनं मशीन निवडणं म्हणजे जुनी म्हैस निवडण्यासारखं, दूध काढून बघितल्याशिवाय काही कळत नाही. पुण्याच्या आसपास दोन मशीन पाहिली. पहिलं 44 लाखांचं, नवा रंग, काचा चकचकीत. दुसरं 52 लाखांचं, 2012 चं, तेलकट, एका चालू शॉपमध्ये काम करत असलेलं. मला अर्थातच पहिलं आवडलं.

भावानं अट घातली: आमचे जॉब आम्ही आणू, सकाळी मशीन थंड असताना एक कापा, तीन तास मशीन पळवा, मग दुसरा कापा. पिशवीत चार हाउसिंग घेऊन आम्ही रात्रीच्या एसटीनं गेलो. कंडक्टरनं विचारलं, “काय भरलंय, दगड?” सामानाचं तिकीट काढावं लागलं.

ही अट का, ते समजून घ्यायला मला वेळ लागला. मशीन चालताना तापतं, तापलं की लोखंड वाढतं, स्पिंडलची जागा किंचित सरकते. एरवी पाच-दहा मायक्रॉननं बिघडत नाही. पण टेबल 180 अंश फिरवून समोरची भिंत कापायची असते तेव्हा फिरण्याचं केंद्र मशीनला जिथं वाटतं तिथं नसेल, तर चूक दुप्पट होते. इकडून पाच डावीकडं, फिरवल्यावर तिकडून पाच उजवीकडं, मिळून दहा. आणि आमच्या शेडमध्ये मे महिन्यात 42 डिग्री असतं.

दोन्ही मशीनवरचे जॉब आम्ही मापन केंद्रात सीएमएमवर तपासून घेतले. चकचकीत मशीनचा सकाळचा जॉब 8 मायक्रॉन, दुपारचा 31. तेलकट मशीनचा सकाळी 9, दुपारी 14. भावानं ते दोन कागद घडी घालून खिशात ठेवले आणि पुढं काही बोललाच नाही. नंतर त्यानं स्पिंडलमध्ये मँड्रेल लावून डायल फिरवून बघितलं, पॅलेट पंधरा वेळा आत-बाहेर करून तेच माप येतं का ते बघितलं, कंट्रोलची बॅटरी कधी बदलली ते विचारलं. ती बॅटरी मेली की मशीनची सगळी याददाश्त जाते. 52 चे 50 झाले.

मग खर्चाची शेपटी. जपानी मशीनला 200 व्होल्ट लागतात, आपल्याकडं 415, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. स्टॅबिलायझर. खिडक्यांची प्लेट. आणि पाया.

पायावरून अब्बा पहिल्यांदा शॉपवर येऊन बसले. ठेकेदार म्हणत होता, आहे त्या कोब्यावर आठ इंच काँक्रीट टाकू. अब्बांनी काठीनं जमीन ठोकली. खाली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. “मुरूम लगे तक खोदो.” साडेचार फुटांवर मुरूम लागला. ठेकेदाराचं बिल वाढलं, फाउंड्रीवाल्या भागीदारानं कपाळाला आठ्या घातल्या. हिस्सेदार महाग पडतो तो असा. पण 1993 चा दिवा मी धरला होता, मी अब्बांच्या बाजूनं मत दिलं.

मशीन ट्रेलरवरून आलं, नऊ टन. बिलावर पत्ता उस्मानाबाद, ई-वे बिलावर धाराशिव, ड्रायव्हर बिचारा सोलापूर नाक्यावरून फोन करतोय की दोन ठिकाणी उतरवायचंय का. क्रेनवाल्याची वाट बघताना मला परंड्याची आठवण झाली. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ आपल्या जिल्ह्यात होती हे पुष्कळांना माहीत नसतं. 1549 मध्ये अहमदनगरला रूमी खान या तुर्की कारागिरानं ती ओतली, नंतर परंड्याच्या किल्ल्यात आली आणि 1632 मध्ये तिथून विजापूरला गेली. वजन 55 टनांच्या आसपास. हत्ती आणि शेकडो बैल जुंपून नेली म्हणतात. आमच्या नऊ टनांना एक क्रेन होती, तरी भावाला दोन दिवस जेवण गेलं नाही.

एक गोष्ट लिहायला जड जाते. मशीन यायच्या महिनाभर आधी आमचा सगळ्यात हुशार ऑपरेटर चाकणला निघून गेला. आयटीआय झालेला तुळजापूरचा पोरगा. आम्ही कुणालाच काढणार नव्हतो, उभ्या मशीनना दुसरं काम बघत होतो. पण आडवं मशीन किती माणसांचं काम करतं हा हिशेब त्यानंही केला होता, आणि आम्ही त्याच्याशी बोलायला उशीर केला. त्याच्या जागी नवीन पोरगा शिकतोय. पहिल्याच आठवड्यात त्यानं प्रोब आपटला. सव्वा लाखाला.

आता चार महिने झाले. हाउसिंग एका रेषेत येतात, रिजेक्शन महिन्याला दोन-तीन नग. व्याजाचा हप्ता नाही. पण मेव्हणा दर पहिल्या तारखेला फोन करतो, आणि बँकेला निदान ख्यालीखुशाली सांगावी लागत नाही. अब्बा जुम्म्यानंतर शॉपवर येतात, जुनी लेव्हलची बाटली पॅलेटच्या कडेला ठेवतात, चष्मा पुसून बघतात, परत खिशात घालतात. काही बोलत नाहीत.

अडचण दुसऱ्या पॅलेटची आहे. कंपनीनं नग वाढवू म्हटलं होतं, ते अजून वाढलेले नाहीत. एका पॅलेटचंच काम आहे. दुसरं दिवसातून चार-पाच तास रिकामं असतं, आणि रिकामं पॅलेट मला रात्री झोपताना दिसतं. परवा फाउंड्रीवाल्यानं एका व्हॉल्व्ह बॉडीचं ड्रॉइंग पाठवलंय. तीन तोंडं, सहा टॅप, भाव कमी. भाऊ इशाच्या नमाजेनंतर ते ड्रॉइंग जेवणाच्या ताटाशेजारी पसरून बसला होता. अम्मीनं दोनदा भाकरी गरम करून आणली.